कडेचा हिरवा

कायदा मार्चमध्ये झाला.
सही झाली त्या दिवशी राजधानीत बर्फाचा नुसता चिखल,
आणि माझ्या दुकानाबाहेर
('डॉर्कस, शिलाई व दुरुस्ती', पाटीतला एक काना पडलाय)
सरकारी व्हॅन येऊन थांबली.
अकरा खोकी.
शिकारखात्याचे हिरवे शर्ट,
मोटार-निरीक्षकांचे राखी,
दारूच्या परवानेवाल्यांचे मरून कोट,
विधानभवनाच्या पहारेकऱ्यांचे काळे, काखेत विरलेले.
सगळ्यांचं मिळून आता एकच खातं.
पैसे मात्र खांद्यावरच्या बिल्ल्यांपुरते मंजूर;
शर्टांचं पुढच्या अर्थसंकल्पात बघू.
म्हणजे आधी उसवायचं, मग शिवायचं.
हे काम मला येतं.
घटस्फोटानंतर तर फारच.

टाके वेगवेगळ्या हातांचे.
काही मशीनचे, काही कुणाच्या बायकोने
झोप अनावर झालेली असताना घातलेले,
वाकडे, पण घट्ट.
बिल्ला निघाला की खाली कापडाचा मूळ रंग,
वीस वर्षांत ऊन न पाहिलेला,
कालच ताग्यातून फाडल्यासारखा.
त्याकडे बघत बसू नये.
मी बसले.

लूसियन पेल्की स्वतः आला, सगळ्यांच्या शेवटी,
मुदत संपायला दोन दिवस असताना.
टॅप्लिन तळ्याचा वॉर्डन.
जाकिटाच्या खिशात माशाचा वाळका खवला,
बिल्ला गळाच्या नायलॉनने शिवलेला.
ब्लेड लावलं तर कापड फाटेल,
म्हणून मी एकेक टाका सुईने उचलत राहिले
आणि तो बोलत राहिला.
म्हणाला, आता फोन एकच, तो राजधानीत वाजतो.
मूस गाडीखाली आलाय सांगितलं
तर मुलगी विचारते, घर नंबर?
तळ्याला कसला घर नंबर, डॉर्कस?
मी हसले.
मग हसू अर्ध्यातच राहिलं,
कारण पुराचं वर्ष आठवलं.

त्या रात्री माझा भाऊ एव्हरेट
पुलाखाली ट्रकच्या टपावर बसून होता.
पलीकडच्या काठाला लूसियनची होडी,
अलीकडे मोटार-निरीक्षक, हातात वायरलेस.
खाती दोन, लहरी दोन,
ह्याचं त्याला ऐकू जाणार कसं?
निरीक्षक टॉर्च हलवत राहिला.
लूसियनला वाटलं, येऊ नकोस म्हणतोय.
तो मागे फिरला.

ह्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.
त्या दिवशीही नाही.
त्याने टेबलावरचा नवा निळा बिल्ला उचलला,
उलटा करून मागचे धागे बघितले
आणि म्हणाला, लाव.

नवा बिल्ला जुन्याहून लहान.
कचेरीत कुणीतरी काटकसर केली असणार.
भोवती कड उरते,
बोटभर नाही, नखभर,
गडद हिरवी.
झाकू का, विचारलं.
नको म्हणाला.
पाकीट काढू लागला.
बिल सरकारला जातं, म्हटलं.
तरी दोन डॉलर बटणांच्या डबीत टाकून गेला.

जानेवारीत तळं गोठलं.
फळकुटांच्या झोपड्या, बर्फाला पाडलेली भोकं,
क्यूबेककडून येणारा वारा नाक कापून नेणारा.
मी एव्हरेटच्या मुलीला घेऊन गेले होते.
पंधराची झालीय, गळ मला धरू देत नाही.
लूसियन परवाने तपासत आला.
शेजारच्या झोपडीतली पोरं
दरवर्षी त्याला कॉफी विचारायची;
निळा बिल्ला बघून गप्प झाली,
एकाने बाटली बुटामागे सरकवली.
तो काही बोलला नाही.
आमच्याशी येऊन वाकला, भोकात बघू लागला.
भाचीने त्याच्या खांद्याला बोट लावलं.
"आत्या, इथे तुझं माप चुकलंय."

"हो," लूसियन म्हणाला,
आणि भोकावर पुन्हा धरू लागलेला बर्फ
बुटाच्या टाचेने फोडत राहिला.